तीळ, जवस आणि सत्कार्यवाद

मडके मातीत आधीपासूनच असते, की कुंभार ते नव्याने निर्माण करतो? भारतीय दर्शनांनी हा वाद शतकानुशतके घातला. सांख्य म्हणतात, कार्य कारणात असतेच. उत्पत्ती म्हणजे त्याचे प्रकट होणे. हा सत्कार्यवाद. नैयायिकांच्या मते उत्पत्तीपूर्वी कार्य नसतेच. ईश्वरकृष्णाच्या नवव्या सांख्यकारिकेत सत्कार्यवादाची पाच कारणे येतात, आणि तिच्यावरच्या टीकेत वाचस्पती मिश्रांनी दाखला दिला तो तिळाचा. पिळल्यावर तेल निघते, कारण ते आत होतेच.

होतेच. तिळाच्या वजनात जवळजवळ निम्मे तेल असते, पेशींमध्ये सूक्ष्म थेंबांच्या रूपाने साठवलेले. घाणा ते फक्त मोकळे करतो. पण म्हणूनच हा दाखला फार सोपा आहे. घाण्यातून नवे काही जन्मलेच नाही, तर नैयायिकाने हरकत कशाला घ्यावी?

खरी कसोटी लागते ती जवसाच्या तेलाला. काचेवर त्याचा पातळ थर पसरून ठेवला, तर काही दिवसांत तो चिकट होतो, मग घट्ट होत जातो, आणि शेवटी बोटाला न लागणारा पिवळसर, चिवट पापुद्रा उरतो. तेल उडून गेलेले नसते; उलट वाळताना त्याचे वजन वाढते. हवेतला प्राणवायू शोषून रेणू एकमेकांत गुंफले जातात. युरोपातल्या चित्रकारांनी आपले रंग याच तेलात खलले. हा पापुद्रा जवसाच्या दाण्यात कुठे होता? इथे नैयायिकाची बाजू भक्कम दिसते.

मात्र त्याच हवेत खोबरेल ठेवा. ते सुमारे 24 अंशांखाली गोठेल, उन्हात वितळेल, जुने झाले की खवटही होईल. पापुद्रा काही धरणार नाही. त्याची स्निग्धाम्ले बहुतांशी संपृक्त असतात. जवसाच्या तेलात मात्र तीन दुहेरी बंधांचे लिनोलेनिक आम्ल भरपूर असते, आणि प्राणवायूला वाव मिळतो तो या बंधांमुळेच. शंभर ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरते, त्यावरून रसायनशास्त्रज्ञ हे मोजतात. हा आयोडीन अंक खोबरेलाचा साधारण 6 ते 11, तिळाचा 104 ते 120, जवसाचा बहुधा 170 च्या वर. नवव्या कारिकेतले चौथे कारण इथे चपखल बसते: ज्या कारणात जे करण्याचे सामर्थ्य असते, तेच कार्य त्यातून होते. आयोडीन अंक म्हणजे त्या सामर्थ्याचे मापच.

तरीही सामर्थ्य म्हणजे कार्य नव्हे. दोहोंमध्ये प्राणवायू आहे, आणि त्याचा वाटा तराजूवर दिसतो. सांख्य म्हणतील, प्राणवायूही प्रकृतीचाच. मान्य, पण मग पापुद्रा जवसात होता असे म्हणता येत नाही, तो अवघ्या प्रकृतीत होता असे म्हणावे लागते. तसे म्हटले, की चित्रकार खोबरेल सोडून जवसच का घेतो, हे त्यांना नव्याने सांगावे लागेल.