शनवारचा घाणा

माझ्या आजीचे माहेर पेणकडचे. घरातले तेल नेमके शनिवारी संपले की ती हसून म्हणे, "आज घाणा बंद. उद्या या." आमच्या जित्याला तिच्या म्हातारपणी घाणाही नव्हता आणि तो बंद ठेवणारा तेलीही नव्हता. पण लहानपणी कानावर पडलेले वाक्य तिच्या जिभेवर तसेच राहिले होते. जित्याची खोड म्हणतात ती हीच, आणि आमच्या गावाचे नावच जिते असल्यामुळे ही म्हण आम्हाला जरा जास्तच लागू पडते.

आजीचे ते तेली म्हणजे बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा न जुंपणारे ते सोमवार तेली, शनिवारी न जुंपणारे ते शनवार तेली, एवढाच लोकांच्या लेखी फरक. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. जवळचे होते नव्हते ते समुद्रात गेले, ग्रंथसुद्धा. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यापाशी उरले ते एवढेच: एका देवाचे नाव घेणारी प्रार्थना, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, काही सण आणि शनिवारी थांबलेला घाणा. सणांची मूळ नावेही विसरली आणि कोकणाने त्यांना आपली नावे दिली: दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. त्यातला शेवटचा म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक. त्या दिवशी वालाचे बिरडे. परक्या सैन्यांनी ते मंदिर दोनदा पाडले, एकदा इसवी सनापूर्वी ५८६ साली आणि पुन्हा इसवी सन ७० मध्ये. त्या पाडावाचे दुःख आमच्या पेण-रोह्याच्या वालात येऊन मुरावे, याचे मला अजून नवल वाटते.

हे सर्व आठवायला कारण झाले ते मराठीतले पवित्र शास्त्र. तरुणपणी मी ते सलग वाचायला घेतले आणि शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या पंधराव्या अध्यायाशी येऊन थांबलो. देवाच्या नावाने शमुवेल संदेष्टा शौल राजाला आज्ञा देतो की अमालेकी लोकांचा समूळ नाश कर. पुरुष, स्त्रिया, अंगावर पिणारी मुले, गुरे, मेंढरे, कोणी उरता कामा नये. शौल जातो आणि लोकांना मारतो, पण त्यांचा राजा अगाग आणि चांगलीचांगली जनावरे राखून ठेवतो. याबद्दल त्याची कानउघाडणी होते, राज्य जाते आणि वर ऐकवले जाते की देवाला बळीपेक्षा आज्ञापालन प्रिय. मी पुस्तक मिटले. ज्या ग्रंथाने आमच्या तेल्याला बैलाला आठवड्यातून एक दिवस विसावा द्यायला शिकवले, त्याच ग्रंथात हे?

घाईने दुसऱ्याच्या देवघरात बोट दाखवण्याआधी आपल्या घरात पाहावे. हे कोकण परशुरामाचे. बापाने सांगितले म्हणून त्याने आईचे मस्तक उडवले आणि पुढे पृथ्वी एकवीस वेळा निःक्षत्रिय केली. श्रावणात आमच्या घरी चिलया बाळाची कथा व्हायची. देव अतिथी होऊन आला आणि त्याने पोटच्या पोराचे मांस मागितले. चांगुणेने ते रांधले. बायका पदराने डोळे पुसत आणि कथा संपली की फराळाला बसत. त्या चांगुणेला आम्ही थोर म्हटले. डोंगरावर इसहाकाला बांधून सुरा उचलणाऱ्या अब्राहामाला त्यांनी थोर म्हटले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या बेने इस्राएलांनी आपली मराठी कीर्तने सुरू केली, त्यांत अब्राहामाचे आख्यान ऐकणाऱ्या बायकांनीही असेच पदर डोळ्यांना लावले असतील.

पण या कथांत एक गोष्ट समान आहे. मूल परत येते. रेणुका उठून बसते, चिलया हाक मारताच धावत येतो, इसहाकाच्या जागी एडका सापडतो. जनमेजयाच्या सर्पसत्रात सापांची सारी जातच जाळायची होती, पण तिथे आस्तिक नावाचा पोरगा येऊन उभा राहतो आणि यज्ञ अर्ध्यावर थांबतो. सांगणाऱ्यालाच जणू पुढचे सोसत नाही. अमालेकाच्या अध्यायात मात्र कोणी आस्तिक येत नाही आणि कोणाचे मूल परत येत नाही.

पेणला माझ्या ओळखीचे एक बेने इस्राएल मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. पेणच्या त्यांच्या प्रार्थनामंदिराला ते जुन्या रीतीने मशीदच म्हणत. मी त्यांना सरळ विचारले, "मास्तर, हे तुम्ही कसे पचवता?"

ते म्हणाले, "पचवत नाही. आणि पचते असे जो म्हणेल त्याच्या शेजारी बसत नाही."

मग त्यांनी मला त्यांच्या पंडितांची वाट दाखवली. या अध्यायाने आधी तेच अस्वस्थ झाले होते. मूळ कथेत शौलाचे मन मुलांसाठी द्रवत नाही, त्याची दया एका राजावर आणि धष्टपुष्ट मेंढरांवर. पण तल्मूदातल्या पंडितांनी मूळात नसलेला प्रश्न त्याच्या तोंडी घातला: एका माणसाच्या खुनासाठीसुद्धा धर्मशास्त्र एवढे प्रायश्चित्त सांगते, मग इतक्या जिवांचे काय? मोठ्यांनी पाप केले असेल, लहानांनी काय केले? त्यावर आकाशवाणी होते की फाजील पुण्यवान होऊ नकोस. म्हणजे प्रश्न खोडला गेला. पण लिहून ठेवला गेला, आणि तोही राजाच्या तोंडी. मास्तर म्हणाले, "लपवायचा असता तर विचारलाच कशाला असता?"

अशा आणखी पुष्कळ गोष्टी त्यांनी सांगितल्या. सन्हेरीब राजाने स्वाऱ्या करून साऱ्या जातीजमाती एकमेकींत मिसळून टाकल्या, तेव्हा आज कोण कोणत्या जुन्या राष्ट्राचा हे सांगता येत नाही, असा युक्तिवाद करून एका पंडिताने परक्याला समाजात घेण्याची वाट मोकळी केली. हामान अमालेकी वंशाचा, यहुद्यांच्या जिवावर उठलेला. त्याच्याच वंशजांनी पुढे धर्मशास्त्राचे अध्ययन केले, असेही तल्मूदात आहे. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेसाने लिहिले की आधी तहाचे बोलणे केल्याशिवाय कोणाशीही युद्ध नाही, अगदी अमालेकाशीसुद्धा. आज्ञा कोणी पुसली नाही. तिच्याभोवती एवढी कुंपणे घातली की तिच्यापर्यंत पोचणेच कठीण व्हावे.

इतिहासकारांनी दुसरी वाट काढली आहे. यरीहोच्या भिंती शिंगांच्या नादाने पडल्या असे यहोशवाचे पुस्तक सांगते. कॅथलीन केन्यनबाईंनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे उत्खनन केले, तेव्हा त्यांना त्या काळचे तटबंदीचे नगरच सापडले नाही. १८६८ साली मोआबचा राजा मेशा याचा शिलालेख मिळाला. त्यात तोही आपल्या देवाला वाहण्यासाठी इस्राएलांचे एक गाव बायकामुलांसकट कापल्याची फुशारकी मारतो. आणि इस्राएल हे नाव ज्या सर्वांत जुन्या दगडावर वाचता आले आहे, त्या मिसरच्या मेर्नेप्ताह राजाच्या सुमारे तीन हजार दोनशे वर्षांपूर्वीच्या लेखात काय आहे? तर इस्राएल नष्ट झाला, त्याचे बीज उरले नाही! तेव्हा असे लिहिणे ही त्या काळच्या राजांची भाषाच होती, असे म्हणता येते.

म्हणता येते, पण माझे समाधान होत नाही. घडले नसेलही, आदर्श म्हणून तर लिहिले? आणि लिहिलेले कधी कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासच्या भीषण हल्ल्यानंतर इस्राएलच्या पंतप्रधानांनी आपल्या भाषणात अमालेकाची आठवण काढली. आपण हमासविषयीच बोललो असा खुलासा पुढे झाला. पण तो शब्द आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या कज्ज्यात गेला तो गेलाच. तीन हजार वर्षांचा शब्द, आणि त्याची धार गेली नव्हती.

याच्या उलट एक गोष्ट बेने इस्राएलांतच सांगतात. कंपनीच्या फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेत सापडला. जात विचारली तेव्हा म्हणाला, बेने इस्राएल. टिपूच्या आईने ते ऐकले आणि म्हणाली, हे नाव आपल्या कुराणात वाचले आहे, माणूस मात्र प्रथमच पाहते. याला मारू नका. सुटून आल्यावर सामाजीने १७९६ साली मुंबईत प्रार्थनामंदिर बांधले, त्याचे नाव दयेचे द्वार. आईची कथा दंतकथा असेल. मंदिर दंतकथा नाही. धर्मग्रंथातला एक शब्द एखाद्याची मान वाचवूही शकतो.

मला स्वतःला मास्तरांच्या पंडितांपेक्षा कोकणातल्या अडाणी तेल्यांनी जास्त शिकवले. त्यांच्याजवळ ग्रंथच नव्हता. एकोणिसाव्या शतकात जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण केले, ते १८३२ साली. त्यानंतर हळूहळू त्यांना आपलाच ग्रंथ वाचता आला. तोवर अमालेक, अगाग, यरीहो त्यांना कोठून माहीत असणार? आज्ञापालन म्हणजे त्यांच्या लेखी शनिवारी घाण्याचा बैल सोडणे. त्या दिवसाची मजुरी बुडत होती ती त्यांची. गिऱ्हाईक तोंड वाकडे करीत होते ते त्यांच्यापुढे. आणि एलीया पाहा. किशोन ओढ्यापाशी त्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांचा वध करवला, हे ग्रंथात आहे. कोकणात उरलेला एलियाहू हन्नाबी अलिबागजवळच्या खंडाळ्याला रथातून उतरला आणि तिथल्या खडकावर रथाची खूण ठेवून गेला. त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सोबत फळे. रक्त विसरले आणि पोहे राहिले. हे विसरणे मला मोठे शहाणपणाचे वाटते.

आज्ञापालनाची किंमत कोण मोजतो, हा माझा प्रश्न तिथून सुरू झाला. घाणा थांबवणारा स्वतःच्या खिशातून मोजतो. शौलाकडून मागितलेली किंमत मोजणार होती अमालेकांची पोरे. हे दोन्ही एकाच शब्दाने सांगितले जाते, तेवढ्याने ते एक होत नाही. अब्राहामाचे प्रकरण अवघड आहे ते याचसाठी. तो म्हणेल, मी माझेच दिले. पण इसहाक त्याचा होता म्हणजे काय? सुऱ्याखाली मान इसहाकाची होती. सदोमासारख्या पापी गावासाठी पन्नासांपासून दहांपर्यंत देवाशी घासाघीस करणारा हा माणूस लेकरासाठी एक शब्द बोलत नाही. डोंगरावरून तो उतरतो तेव्हा इसहाकाचा उल्लेखही नाही, आणि पुढच्याच अध्यायात साराच्या मरणाची बातमी येते.

हे मी तावातावाने मास्तरांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुम्ही पंधराव्यावर पुस्तक मिटलेत. बावीसावा वाचा."

बावीसाव्या अध्यायात तोच शौल आहे. दाविदाला भाकर दिली म्हणून नोब गावच्या याजकांवर तो चिडला आहे. भोवती उभ्या असलेल्या शिपायांना तो हुकूम देतो, यांना मारा. शिपाई हात उचलत नाहीत. एवढेच लिहिले आहे. त्यांची नावे नाहीत, त्यांचे पुढे काय झाले तेही नाही. मग दवेग अदोमी पुढे होतो आणि पंच्याऐंशी याजक कापतो. त्याचे नाव आहे, गाव आहे, सारे आहे. त्यानंतर नोबमध्ये पुरुष, स्त्रिया, तान्ही मुले, गुरे, मेंढरे यांच्यावर तरवार चालते. तीच यादी! अमालेकासाठी लिहिलेली, आता आपल्याच याजकांच्या गावावर. पंडितांनी दोन्ही अध्याय शेजारी ठेवले आणि येथेही आकाशवाणी घातली: फाजील दुष्ट होऊ नकोस. परशुरामाच्या आधी चार भावांनी आईला मारायला नकार दिला होता, ते आठवले. बापाने शाप देऊन त्यांना बुद्धिहीन केले. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू. यांतले रुमण्वान हे नाव मी कोणा पोराला ठेवलेले ऐकले नाही.

आता सांगायचे टाळत होतो ते सांगतो. त्याच्या काही वर्षे आधी मी एका कचेरीत कारकून होतो. पावसाळ्याच्या तोंडी कातकऱ्यांच्या झोपड्या हलवण्याचा हुकूम निघाला. माझे काम यादी वाचण्याचे. मी छत्री धरून नावे वाचली, गडी कुडे मोडत गेले. मी कोणाला हात लावला नाही, हे तेव्हा मला मोठे समाधान होते. रोजंदारीवरचा एक गडी मात्र कोयता खाली ठेवून बाजूला उभा राहिला. भांडला नाही, बोलला नाही. "पोर निजलंय आत," एवढेच म्हणाला. साहेबांनी त्याची त्या दिवसाची मजुरी कापली आणि ते कलम वहीत मी माझ्या हाताने लिहिले. झोपडी दुसऱ्याने पाडली.

मास्तरांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "होळीच्या सणाआधीच्या शनवारी अमालेकाची आज्ञा आम्ही मोठ्याने वाचतो. वगळत नाही. पण वाचतो तो शनवारी. त्या दिवशी आम्हाला काडीसुद्धा ओढायची नसते." हे उत्तर आहे का, असे मी विचारले. ते म्हणाले, "नाही."

मास्तरांची मुले पुढे इस्राएलला गेली. मास्तर गेले नाहीत. आता तेही नाहीत. १९४८ नंतर त्यांच्या समाजातले बहुतेक लोक तिकडे गेले आणि इथे काही हजारच राहिले. आजही आपटा आणि हमरापूर यांच्यामधल्या आमच्या स्टेशनात पेणकडची गाडी थांबली की मला मास्तरांच्या पडवीची आठवण होते.

त्या साहेबांचे नाव मला आद्याक्षरांसकट आठवते. त्या गड्याचे आठवत नाही. यंदा श्रावणात मी गावातल्या दोघा म्हाताऱ्यांना विचारले. एकाने एक नाव सांगितले. दुसरा म्हणाला, तो नव्हे, तो त्याचा भाऊ.