दोन उजव्या खुर्च्या

शिकाऊ विमानात विद्यार्थी डावीकडे बसतो आणि शिक्षक उजवीकडे. प्रवासी विमानात कॅप्टन डावीकडे आणि को-पायलट उजवीकडे. कमर्शियल परवाना नुकताच हाती पडलेल्या मुलामुलींसमोर या दोन उजव्या खुर्च्या असतात. त्यांतली कोणती घ्यावी, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. एअरलाइनमध्ये लागला तो मार्गी लागला, बारामतीच्या किंवा गोंदियाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवत राहिला तो मागे पडला, असं घरचेही मानतात आणि बरोबर शिकलेले सोबतीही. मला हे मान्य नाही. पण असं मानणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, ती आधी मांडायला हवी.

आपल्याकडे या परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी पन्नास लाखांच्या वर खर्च सहज होतो. पुढे एअरबस ए-320 सारखं विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे टाइप रेटिंग, घ्यायचं तर त्याचे पैसे वेगळे. मध्यमवर्गीय घरात हा पैसा कर्जातून, कधी घर किंवा जमीन तारण ठेवून उभा राहतो, आणि हप्ते कुणासाठी थांबत नाहीत. एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्याचा नंबर कधी लागणार, हे बव्हंशी रुजू झाल्याच्या तारखेवर ठरतं. दोन वर्षं उशिरा गेलं की ती दोन वर्षं शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. डोळा, कान किंवा हृदयाने दगा दिला तर वैद्यकीय प्रमाणपत्र जातं आणि कमाईच थांबते. शिवाय भरतीचा भरवसा नाही. किंगफिशर एअरलाइन्स 2012 मध्ये बसली, जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. दार उघडं दिसलं की आत शिरावं, असं पंचविशीतल्या मुलाला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याने नोकरीचं पत्र आलं की जावं, असंच मीही सांगेन.

प्रश्न आहे तो पहिल्या दोन वर्षांत माणूस काय शिकतो याचा. समजा, विद्यार्थी धावपट्टीवर उतरतो आहे. त्याने नाक जरा लवकर उचललं आणि विमान जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर तरंगत राहिलं. वेग घटतो आहे. शिक्षकाचे हात मांडीवर, पण कंट्रोलपासून वीतभर अंतरावर. त्याने लगेच हात घातला तर विद्यार्थ्याला आपली चूक कळणारच नाही. क्षणभर उशीर केला तर विमान आपटेल. हा क्षण कुठल्या पुस्तकात सापडत नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्यागणिक बदलतो, कारण एक जण घाबरून आखडतो, तर दुसरा आत्मविश्वासाच्या भरात चुकतो. ‘आय हॅव कंट्रोल’ हे शब्द कधी उच्चारायचे आणि कधी गिळायचे, हे शिक्षक रोज शिकतो. पुरेसा अनुभव झाला की एखाद्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा एकट्याने सोडण्याचा निर्णयही त्याचाच. तो विमानातून उतरतो आणि पुढची काही मिनिटं खालून बघण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही. जुलैतल्या ढगांत आज उडायचं की नाही, हेही त्यालाच ठरवावं लागतं.

एअरलाइनमधल्या नव्या को-पायलटचं शिक्षण वेगळं आणि तेही मोलाचं असतं: जेटचा वेग आणि उंची सांभाळणं, मुंबईसारख्या गर्दीच्या आकाशातली शिस्त, दोघांनी मिळून काम करण्याची पद्धत. हे सेस्नासारख्या छोट्या शिकाऊ विमानात मिळत नाही. पण तिथे निर्णय कॅप्टनचे असतात. सुरुवातीला तर टेकऑफ-लँडिंगसुद्धा त्यासाठी अधिकृत केलेला कॅप्टन शेजारी असेल तेव्हाच वाट्याला येतं. चांगले निर्णय जवळून पाहायला मिळतात. ते आपल्या जबाबदारीवर घ्यायला मात्र वर्षं लागतात.

शिकवण्याच्या बाजूने कुणी अमेरिकेचा दाखला देईल. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान एका घरावर कोसळलं आणि 50 माणसं गेली. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याची, सूचना मिळाल्यावर नाक खाली करायचं, तर कॅप्टनने कंट्रोल मागे ओढला होता. त्यानंतर कायदा झाला आणि 2013 पासून तिथे को-पायलटलाही सर्वसाधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. नवा परवानाधारक साधारण 250 तासांवर असतो. मधलं अंतर बरेच जण शिकवून भरून काढतात. पण कोल्गनच्या दोन्ही वैमानिकांकडे 1500 हून जास्त तास होते, आणि त्यातली को-पायलट तर आधी फ्लाइट इन्स्ट्रक्टरच होती. शिकवलं की माणूस सुरक्षित होतो, असा दावा हे वास्तव टिकू देत नाही, आणि मला तो करायचाही नाही. सक्तीमुळे आणखी एक घडतं: ज्याला शिकवण्यात रस नाही तोही लॉगबुकवर डोळा ठेवून त्या खुर्चीत बसतो, आणि तास भरले की विद्यार्थ्याला अर्ध्यात सोडून जातो. ती सक्ती आपण उचलू नये.

तरीही शिक्षकाच्या खुर्चीतली एक सवय मला एअरलाइनसाठी मोलाची वाटते: दुसऱ्याच्या हातातलं विमान बिघडत चाललेलं ओळखणं आणि वेळेत मध्ये पडणं. 22 मे 2010 ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. 158 माणसं मेली. चौकशी अहवालानुसार को-पायलटने तीन वेळा ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चल, असं म्हटलं होतं. कॅप्टनने ते ऐकलं नाही आणि विमान उतरवलं. तिथे दुसरा कुणी असता तर काय झालं असतं, हे मी म्हणणार नाही. पण समोरच्याच्या हातून विमान काढून घेण्याचा रोजचा सराव दोन्ही खुर्च्यांपैकी फक्त एकीत मिळतो, आणि तो विद्यार्थ्यासमोर झालेला असतो, हजारो तासांच्या कॅप्टनसमोर नव्हे. तो सराव तसाच्या तसा दुसऱ्या कॉकपिटमध्ये नेता येत नाही, पण मध्ये पडण्याचं धाडस अंगी रुजतं, असं मला वाटतं.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची. मार्च 2023 मध्ये गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवरून उडालेलं शिकाऊ विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघंही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ काही दिवसांच्या अंतराने दोन शिकाऊ विमानं पडली. कारणं ज्याची त्याची वेगळी असतील, पण हे काम किती जोखमीचं आहे, हे यातून दिसतं. इतक्या जोखमीच्या कामाला आपण उरलेल्यांचं काम मानत आलो. 2023 या एकाच वर्षात एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. त्यांच्यासाठीचे वैमानिक अखेर कुणीतरी सेस्नातूनच घडवायचे आहेत.

एअर इंडियाने अमरावतीजवळ बेलोऱ्याला वर्षाला 180 वैमानिक घडवणारी संस्था जाहीर केली आहे. एअरलाइन स्वतःच शाळा चालवणार असेल, तर ज्यांना शिकवायचं आहे अशा नव्या परवानाधारकांना तिने आधीच नोकरीचं पत्र द्यावं, दीड-दोन वर्षं शिकवू द्यावं, हप्ता फिटेल एवढा पगार द्यावा आणि ज्येष्ठता शिकवायला लागल्या दिवसापासून धरावी. आधीपासून नोकरीत असलेले को-पायलट आपला नंबर मागे जाईल म्हणून विरोध करतील आणि तो रास्त असेल; म्हणून ही सोय पुढच्या भरतीपासूनच लागू करावी. त्या पत्रावर रुजू होण्याची तारीख स्पष्ट लिहिलेली असेल, तर बँकेलाही ते दाखवता येईल.