शंकासमाधान : पिंडाला कावळा उशिरा शिवला

शंका : यजमान जाऊन वर्ष व्हायचंय. दहाव्याला प्रीतिसंगमावर कावळा पिंडाला शिवेना. मंडळी ताटकळली. शेवटी धाकट्या दिरांनी हात जोडले, "दादा, पोरीचं लग्न मी करून देईन, काळजी करू नकोस." तेव्हा कुठे शिवला. तेव्हापासून मी रोज सकाळी पत्र्यावर भाताचा घास ठेवते. कावळा आला तर दिवस बरा जातो. नाही आला की यांचं काहीतरी राहिलंय असं वाटतं, अन्न जात नाही. यांच्या चपलाही अजून दारातच आहेत. मुलगा म्हणतो, ही अंधश्रद्धा. शेजारीण म्हणते, आत्मा अडकलाय, शांत करून घ्या. मी काय करू? – एक भगिनी, कराड

समाधान : ताई, आधी चपलांचं. त्या राहू द्यात. अमेरिकी लेखिका जोन डिडियन यांचे पती ३० डिसेंबर २००३ च्या रात्री जेवायला बसले असताना हृदयविकाराने गेले. पुढे डिडियन यांनी त्यांचे कपडे आवरायला घेतले, पण बूट देववेनात. परत आले तर लागतील, असं वाटे. 'द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग' या २००५ च्या पुस्तकात त्यांनी हे सगळं उघड लिहिलं. माणूस गेल्याचं बुद्धीला त्याच दिवशी कळतं, हातापायांना कळायला फार वेळ लागतो. तुम्हाला वेड लागलेलं नाही.

कावळ्याचं मात्र स्पष्ट सांगतो. हा अतिशय सावध पक्षी. भोवती माणसं टक लावून उभी असली तर तो झाडावरून उतरत नाही. घाटावर एकाच सकाळी तीन-चार घरांचे पिंड मांडलेले असले तर त्याचं पोटही भरलेलं असतं. आपल्या जाणत्या माणसांना हे ठाऊक होतं. म्हणून कावळा नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात आणि विधी पुरा होतो. रीतीनेच ही सोय ठेवली असताना यजमानांची गती तुम्ही रोज सकाळी एका पाखराच्या भुकेवर का टांगून ठेवता?

त्या दिवशी घडलेली मोठी गोष्ट म्हणजे दिरांचे शब्द. घरात कदाचित कधीच निघाले नसते, ते नदीकाठी चारचौघांत निघाले. कावळा खोळंबतो तेव्हा मागे राहिलेली माणसं जबाबदारी बोलून दाखवतात. म्हणून या प्रथेची टिंगल मी करणार नाही, तुमच्या मुलानेही करू नये. बाबांचा नंबर त्याने फोनमधून काढलाय का, हे त्याला हळूच विचारून पाहा.

घास जरूर ठेवा, पण ठेवून लगेच आत या आणि जेवा. चिमणीने खाल्ला, खारीने नेला, तरी तो सत्कारणीच लागला. इतके दिवस भूक-झोप उडालेली असेल तर डॉक्टरांना दाखवा; त्याने श्रद्धेला बाध येत नाही. आत्मा अडकल्याची भीती घालून पैसे मागणाऱ्याला उंबऱ्याआत घेऊ नका. अशांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि वर्षश्राद्धाला दीर येतील तेव्हा मुलीच्या लग्नाचा विषय संकोच न करता काढा. शब्द त्यांनी दिला आहे, तो आठवून देण्याचा तुम्हाला हक्क आहे.