चार दिवसांचे पाहुणे

पेणचे एक पेन्शनर आजोबा गौरीगणपतीला रोह्यास लेकीकडे विसाव्यास गेले. नातवंडांचा गलका, सकाळी कुंडलिकेकाठी फेरी. निघताना पाय निघेना. मला म्हणाले, "बुवा, उतारवयात ही माया जाचते. तोडावी काय?"

म्हटलं, "तोडता कशाला? तुमच्याच पेण तालुक्यात, गागोद्यास, १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांचे आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत, त्याचा गणपती घडवीत, मनोभावे पुजीत, अन् दिवस भरताच विसर्जन करीत. तसा जीव लावावा, मालकी सांगू नये. नातवंडं विठोबाची, आपण पाहुणे!"

आजोबांनी डोळे पुसले, धाकट्याच्या हाती आपले टाळ ठेवले, अन् हसत एस्टीत बसले.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!