काट्याची घाई

रक्ततपासणीचा कागद हातात आला किंवा घरात लग्न ठरलं, की आपण एकदम भात सोडतो, गोड सोडतो, रात्रीचं जेवणही सोडतो. आठ-पंधरा दिवस घरादाराला वेठीला धरतो. मग कुणाच्या तरी बारशाची जिलेबी पानात पडते आणि पथ्यच सुटतं. वजन वाढलं तेव्हा त्यानं असा गाजावाजा केला नव्हता. फोडणीच्या सैल हातातून, ‘एवढीशीच उरलीय, टाकायची कशाला’ म्हणून संपवलेल्या भाजीतून ते बिनबोभाट आलं.

जाण्याचा वेगही तसाच असतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचं गणित मांडलं. वजन जास्त असलेल्या सर्वसाधारण प्रौढानं रोजच्या खाण्यातले सुमारे २४ उष्मांक कायमचे कमी केले, तर कालांतरानं एक किलो उतरतं. त्यातलं निम्मं वर्षभरात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. २४ उष्मांक म्हणजे सहा ग्रॅम साखर, चहाचा एक शिगोशीग चमचा! तीन वर्षांत एक किलो ऐकून कुणी हसेल. पण दिवसाला चार कप चहा पिणाऱ्यानं दर कपामागे एक चमचा सोडला तर चार किलो होतात, आणि त्यासाठी एकही जेवण चुकवावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट या गणितातच आहे. वजन उतरलं की शरीराला लागणारे उष्मांकही कमी होतात, त्यामुळे उतरण्याचा वेग मंदावतो. काटा अडला की आपण ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून जुन्या सवयींवर परततो. खरं तर तो अडणारच असतो.

तेलाचा हिशेब साखरेहून मोठा. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० उष्मांक असतात. चौघांच्या रोजच्या भाजीतून असे दोन चमचे कमी केले, तर माणशी ६० वाचतात. बाटली तिरकी करून अंदाजानं ओतण्याऐवजी चमच्यानं मोजून घातलं, तरी पुष्कळ फरक पडतो. पानाचंही तेच. कोशिंबिरीला आपण डावीकडे चटणीशेजारी चिमूटभर जागा देतो. तिला भाजीएवढी वाढायला काय हरकत आहे? पोट काकडी-मुळ्यानं थोडं भरलं, की तिसऱ्या पोळीचा आग्रह मोडणं सोपं जातं.

आपल्याकडे साखर कपात नाही, आधणातच पडते. त्यामुळे एकट्याचं पथ्य म्हणजे दोन वेगळी आधणं, आणि ती बहुधा एकाच बाईच्या गळ्यात. त्यापेक्षा बदल सगळ्या घरानं करावा आणि इतका हळू, की जिभेला तक्रारीला जागाच राहू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. बाकीच्यांनी उद्याच्या आधणात एक चमचा साखर कमी टाकावी, ती का कमी केली याचं भाषण करू नये, आणि महिनाभर तरी वजनकाट्याकडे फिरकू नये.