मुक्कामाची ठेव

समुद्रकाठच्या एखाद्या आडगावातले शंभरी गाठलेले छोटे हॉटेल विकायला निघाले, की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली असते. ज्यांनी तिथे कधी एक रात्रही काढली नाही, तेसुद्धा हळहळतात. ‘वारसा विकला’ म्हणून चार दिवस चर्चा होते. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले खिळे, वाळवीने पोखरलेली आढी, दर पावसाळ्याआधी कौले परतायचा खर्च, पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मुले, याची चौकशी कोणी करत नाही. मला या हळहळीचा थोडा रागच येतो. विकले जाणे हा जुन्या वास्तूचा शेवट असतोच असे नाही. पुष्कळदा न विकता येणे हाच तिचा शेवट असतो.

हे समजून घ्यायला समुद्राकडे पाठ करून घाटावर, जुन्नर तालुक्यातल्या ओझरला यावे. कुकडीचा काठ, येडगाव धरणाच्या फुगवट्याचे पाणी आणि अष्टविनायकांतला विघ्नेश्वर. समुद्राशी या गावाचे नाते अगदीच नाही असे नाही. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी इथल्या शिखराला सोने चढवले, असे परंपरा सांगते. पूर्वी यात्रेकरू देवळाच्या ओवऱ्यांत पथारी पसरत, तीन दगड मांडून भात शिजवत. आता भक्तनिवास आहेत, खाजगी लॉज आहेत. आधारकार्डाची झेरॉक्स, पहाटे ठरलेल्या वेळेत गरम पाणी आणि दहाच्या आत खोली रिकामी करा ही सूचना. बहुतेक गाड्या तर मुक्काम करतच नाहीत. दर्शन, जेवण, की निघाल्या लेण्याद्रीकडे.

मुक्कामाच्या जागांचा हिशेब मात्र याच मुलखाने फार पूर्वी नीट लिहून ठेवला आहे. जुन्नर हे कोकणातल्या बंदरांना जोडणाऱ्या वाटेवरचे गाव. नाणेघाटातून माल उतरायचा, कल्याण-सोपाऱ्याकडे जायचा. व्यापारी आणि भिक्षू याच वाटेने ये-जा करत. आसपासच्या डोंगरांत लेणी कोरली गेली, ती त्यांच्या दानातून. शिवनेरीच्या कड्यातल्या एका लेखात चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याची नोंद आहे. इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. परदेशी माणसाने परमुलखात जेवणाची आणि पाण्याची सोय करून ठेवली, आणि आपले नाव तेवढे दगडावर कोरले. जाहिरात म्हणा हवे तर, पण दोन हजार वर्षे टिकलेली.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. याच लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, पैसे गुंतवल्याचेही लेख आहेत. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप राजाच्या जावयाने, उषवदाताने, तर सगळा व्यवहारच उघड केला आहे. तीन हजार कार्षापण नाण्यांपैकी दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, पाऊण दराने. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा कपडा आणि किरकोळ खर्च भागायचा. त्याला शब्द होता अक्षयनीवी. याच उषवदाताने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. सोपारा म्हणजे समुद्रकाठचे गाव. वास्तू कोरून झाली म्हणजे काम संपले, असे या मंडळींना वाटले नव्हते. पुढच्या वर्षीचा आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा पैसा कुठून येणार, हे त्यांनी आधी ठरवले.

आपण नेमके इथेच चुकतो. वास्तू अडकवून ठेवण्याचे कायदे आपल्याकडे भरपूर आहेत, तिला पोसण्याची सोय मात्र कुठेच नाही. धर्मशाळा किंवा भक्तनिवास विश्वस्त संस्थेचा असेल, तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय तो विकता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर देवाच्या जमिनी केव्हाच गिळल्या गेल्या असत्या. पण विकू नका म्हणणारा कायदा रंग लावायला पैसे देत नाही. खाजगी वास्तूची कथा वेगळी, शेवट तोच. उताऱ्यावर पंधरा-वीस वारसांची नावे, त्यांतली निम्मी माणसे परगावी, आणि एकाचीही सही मिळत नाही.

मुंबईचे वॉटसन हॉटेल आठवा. 1860 च्या दशकात इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सांगाडे आणून उभारलेले. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे इथेच दाखवली गेली, आणि भारतात सिनेमा आला. हॉटेल बंद पडले, वास्तूत लहान लहान खोल्या पडल्या, वकिलांच्या कचेऱ्या आल्या. भाडे गोठलेले. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. 2005 मध्ये काही भाग कोसळून माणूस दगावला, 2019 मध्ये इमारत रिकामी करावी लागली. धनवान गिऱ्हाईक येऊन ती गिळंकृत करील ही भीती तिच्या बाबतीत खरी ठरलीच नाही. तिला कोणी वालीच उरला नाही.

मग विकून मोकळे व्हावे का? मी त्या बाजूचा आहे, पण एक अडचण लपवू नये. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यात कलम 11 आहे. पूर्ण मालकी देऊन टाकल्यावर ती कशी उपभोगावी याची अट सहसा टिकत नाही. ‘जिना पाडायचा नाही, कौले काढून पत्रा टाकायचा नाही’ असे खरेदीखतात कितीही लिहिले, तरी घेणारा उद्या जिना पाडू शकतो. विकणाऱ्याचे प्रेम त्याच्या सहीबरोबर संपते. म्हणून मालकी राखून चालवायला देणे, हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलच्या किल्ल्यात कित्येक वर्षे मोजक्या खोल्यांचे हॉटेल चालले. किल्ला सरकारचा, खोल्या चालवणारा वेगळा. त्या व्यवस्थेवर टीका करायला जागा आहे, पण करार संपला की किल्ला जागच्या जागी राहतो, हेही खरे.

2018 मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केले गेले. फलक लागले, परिसंवाद झाले. जुन्नरच्या पेठेतला एखादा वाडा किंवा ओझरच्या वाटेवरचे जुने घर मुक्कामासाठी उघडायचे ठरले, तर मालकाला पहिल्या पाच वर्षांची डागडुजी कोण देणार, हे त्यांत ठरले असते तर बरे झाले असते. सरकारने द्यावी असे म्हणून मी हात झटकणार नाही. देवस्थानांकडे पैसा येतो, पतसंस्था आहेत, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची रोजची उलाढाल डोळ्यांत भरण्याजोगी आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीला जे जमले ते पतसंस्थेला जमू नये, याला कारण दिसत नाही. मुद्दल ठेवायचे, व्याजावर कौले परतायची, आणि हिशेब दारावर लावायचा. तेवढी ठेव आधी झाली असेल, तर नंतर घर कोणाच्या नावावर आहे याची मी फारशी काळजी करणार नाही.