पुरे म्हणण्याचा अधिकार

गुटगुटीत बाळ पाहिले की घर सुखावते. ज्या समाजाने दुष्काळ सोसले आणि पाळण्यातली मुले गमावली, त्याच्या लेखी बाळसे म्हणजे आयुष्याची हमी. त्यामुळे तान्ह्या मुलांच्या अतिपोषणाचा विषय पुष्कळांना भरल्या पोटीचा वाटेल. आपल्या देशात पाच वर्षांखालील दर शंभरांत सुमारे पस्तीस मुलांची वाढ खुंटलेली आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. परंतु वाजवीपेक्षा अधिक वजनाच्या मुलांचे प्रमाणही २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले, हेही त्याच सर्वेक्षणात नोंदलेले आहे.

असे का व्हावे? अंगावर पिणारे बाळ आपले माप आपणच ठरविते. पोट भरले की तोंड फिरविते. बाटलीत मात्र उरलेले दूध पाजणाऱ्याला दिसते आणि ते संपविण्याचा मोह होतो. डब्यातील दुधात प्रथिने बहुधा आईच्या दुधाहून अधिक असतात, त्यामुळे वजन भराभर चढते. त्यात कोणी भुकटी मापापेक्षा जास्त घालतो, कोणी साखर मिसळतो, कोणी सहा महिने पुरे होण्याआधीच वरचे अन्न सुरू करतो. कधी कारण जन्मापूर्वीचे असते: गर्भवतीची रक्तशर्करा आटोक्यात नसेल तर गर्भावर मेद साठतो. शिवाय आपल्याकडील बाळे वजनाने लहान असूनही त्यांच्या अंगी स्नायू कमी आणि मेद तुलनेने अधिक असतो, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने दाखविले. तेव्हा एकट्या वजनकाट्याची साक्ष पुरेशी नाही.

ही झाली शरीराची कारणे. यांच्या मुळाशी मनाची कारणे आहेत. बाळ नेहमी भुकेनेच रडते असे नाही. त्याला झोप हवी असते, कोरडे दुपटे हवे असते, कुणाची तरी कूस हवी असते. आपण मात्र या सर्व हाकांना दुधाचे एकच उत्तर देतो, कारण तेच सर्वांत लवकर देता येते. शेजारच्या बाळाशी तुलना होते, ‘बाळ वाळले’ असा शेरा येतो आणि आई धास्तावते. १९९२ च्या कायद्याने बाळदुधाच्या व बाटल्यांच्या जाहिरातींना बंदी केली. घरातल्या तुलनेवर मात्र कोणताही कायदा चालत नाही.

मग येथे प्रेम अधिक झाले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. येथे ऐकणे कमी पडले. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात तान्हेपणाविषयी देवाचे उपकार मानताना म्हणतात की, दूध तर त्याने दिलेच, पण दिल्यापेक्षा अधिक नको वाटण्याची वृत्तीही त्यानेच दिली. तृप्ती हेही देणेच आहे, आणि बाळ ते जन्मतः घेऊन येते. संयमाचा सद्गुण आपण स्वतःच्या ताटापुरता समजतो. भरविणाऱ्या हातालाही तो तितकाच हवा.

ज्या मातांना बाटलीवाचून गत्यंतर नाही, त्यांनी स्वतःला अपराधी मानू नये. बाटलीसुद्धा बाळाच्या कलाने देता येते. त्याने तोंड फिरविले की थांबावे, वाढीविषयी शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे, आणि उरलेले दूध खुशाल टाकून द्यावे. ज्याला अजून बोलता येत नाही, त्याचे ‘पुरे’ मानणे हा त्या जिवाचा आपण राखलेला पहिला मान होय.